उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते तेव्हा



गेल्या अंकातील गुडघेदुखीच्या लेखावर बरेच फोन आले. गंमत अशी, की त्यांतले अर्धेअधिक गुडघ्यांबद्दल नव्हतेच. "गुडघ्यांचे असू द्या बाई, पण खाटेवरून उठले की डोळ्यांपुढे काळोख होतो. त्यावर काही घरचे औषध सांगा. डॉक्टरकडे गेले तर ते आणखी एक गोळी देतील," असे एका भगिनीने सांगितले. तिच्या शेवटच्या वाक्यात तथ्य आहे. या तक्रारीत पुष्कळदा गोळी वाढवावी लागत नाही, कमी करावी लागते. ती कोणी कमी करायची, ते पुढे सांगते. मी आधी मुंबईत आणि मग इथे कुपत होलिमच्या दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी केली. मी डॉक्टर नाही. त्यामुळे जे सर्वमान्य आहे आणि जे रोजच्या कामात डोळ्यांनी पाहिले, तेवढेच लिहिते.

आधी चक्कर म्हणजे तुम्हाला नेमके काय होते ते ओळखा. आपल्या मराठीत यासाठी चांगले वेगवेगळे शब्द आहेत: अंधारी येणे, भोवळ येणे, गरगरणे, झोक जाणे, डोके हलके होणे. हिब्रूत मात्र आपण सगळ्यालाच 'सखरखोरेत' म्हणून मोकळे होतो आणि डॉक्टर बिचारा गोंधळतो. बिछान्यात नुसती कूस बदलली किंवा वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली आणि सगळे घर गोल फिरले, अर्ध्या-एक मिनिटात थांबले, तर तो दोष बहुधा कानाच्या आतल्या भागाचा असतो. तिथले बारीक कण जागचे सुटून नळीत शिरतात. त्यावर मान आणि डोके ठरावीक क्रमाने फिरवण्याची 'एप्ली' नावाची पद्धत आहे. ती जाणत्या डॉक्टरकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून करून घ्यावी. कित्येकांना एक-दोन वेळांत आराम पडतो. डोके शांत आहे पण चालताना तोल जातो, पायांखाली कापूस असल्यासारखा वाटतो, तर पायांच्या नसा, साखर, डोळे आणि बी-12 जीवनसत्त्व यांची तपासणी हवी.

आजचा विषय या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. पडलेले किंवा बसलेले असताना काही नाही, उभे राहिले की काही सेकंदांत डोळ्यांपुढे काळे येते, कानात सू-सू होते, मान आणि खांदे जड होतात, आणि पुन्हा बसले की बरे वाटते. हा रक्तदाबाचा खेळ आहे. पासष्टीपुढच्या माणसांत ढोबळमानाने पाचांतल्या एकाचा रक्तदाब उभे राहिल्यावर असा उतरतो, आणि त्यांतल्या कित्येकांना ते जाणवतही नाही.

असे का होते? जुन्या मुंबईतल्या चाळींत राहिलेल्यांना चटकन समजेल. भायखळ्याला म्हणा, उमरखाडीला म्हणा, खालच्या मजल्यावर दोन-चार नळ सुटले की वरच्या मजल्यावर पाणी चढत नसे. आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरते. वरच्या मजल्याला, म्हणजे मेंदूला, पुरवठा कमी पडतो. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब मोजणारे पहारेकरी असतात. ते लगेच हृदयाला सांगतात, जोरात चाल. पायांच्या रक्तवाहिन्यांना सांगतात, आवळा. तरुणपणी हे सारे दोन-तीन श्वासांत होते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. वय झाले की पहारेकरी सुस्तावतात. त्यात अंगात पाणी कमी असेल, मधुमेहाने नसा अशक्त झाल्या असतील, पार्किन्सन असेल, रक्त कमी असेल किंवा गोळ्यांनी रक्तवाहिन्या सैल केल्या असतील, तर वरच्या मजल्याला पाणी पोचायला उशीर होतो. तेवढ्या वेळात माणूस पडतो.

आणि खरी भीती त्या पडण्याचीच आहे. अंधारी अर्ध्या मिनिटात जाते, पण मोडलेले खुब्याचे हाड वर्ष खाते. कित्येकजण त्यानंतर पहिल्यासारखे चालत नाहीत. म्हणून "वयामुळे होते, चालायचेच" असे म्हणून सोडून देऊ नका.

आता उपाय. पहिला फुकटचा आहे आणि सर्वांत गुणकारी आहे, पण लोकांना तो फार साधा वाटतो म्हणून ते करत नाहीत. उठण्याआधी पाय चालवा. पोटऱ्यांना दुसरे हृदय म्हणतात ते उगीच नव्हे. त्या आवळल्या की पायांत साठलेले रक्त वर ढकलले जाते. सकाळी जाग आल्यावर पडल्यापडल्याच पावले दहा-पंधरा वेळा वर-खाली करा, शिवणयंत्राचा पायटा मारतो तशी. मग कुशीवर वळून खाटेच्या कडेला बसा. पाय जमिनीला टेकलेले असू द्या. एक-दोन मिनिटे बसा, टाचा उचला, टेकवा, मुठी घट्ट वळा, सोडा. शमा म्हणायचे असेल तर इथेच बसून म्हणा, तेवढा वेळ बरोबर पुरतो. मग काहीतरी भक्कम धरून उभे राहा आणि चालू लागण्याआधी दहा आकडे मोजा. उभे राहिल्यावर अंधारी यायला लागलीच, तर धीर धरून चालत राहू नका. लगेच बसा. बसायला जागा नसेल तर भिंतीला टेकून एक पाय दुसऱ्यावर कात्रीसारखा ठेवून मांड्या आणि कुल्ले घट्ट आवळा. त्याने दाब थोडा चढतो आणि खुर्चीपर्यंत पोचायला वेळ मिळतो. ज्यांचा तोल मुळातच कच्चा आहे त्यांनी पायांची कात्री करू नये; नुसत्या मांड्या आणि मुठी आवळाव्यात. जमिनीवर बसावे लागले तरी लाजू नका. आपण होऊन बसलेला माणूस पडत नाही.

दुसरा उपाय पाणी. वय वाढले की तहान कमी लागते, हे आपल्याला कोणी सांगत नाही. बेर शेवा, दिमोना, येरूहामच्या कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही, जागच्या जागी सुकतो, आणि माणसाला वाटते आपल्याला घाम आलाच नाही. शरावच्या दिवसांत तर विचारूच नका. शिवाय आपल्या बायका मुद्दाम पाणी कमी पितात. माझ्या ओळखीच्या एक मावशी दुपारी चारनंतर पाण्याला शिवत नसत, रात्री संडासाला उठावे लागते म्हणून. परिणाम असा झाला, की रात्री एकदाच उठायच्या, पण त्या एका वेळी भिंत धरून. त्यांना आम्ही पाण्याची वेळ बदलून दिली: दिवसाचे बहुतेक पाणी सकाळ आणि दुपार मिळून, संध्याकाळी घोट-दोन घोट. तेवढ्याने त्यांची सकाळची अंधारी निम्मी झाली. साधारण सहा ते आठ पेले दिवसाला हवेत. लघवी फिकट पिवळी असेल तर पुरेसे आहे, चहासारखी गडद असेल तर कमी पडते आहे. ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरने पाणी मोजून दिले आहे, त्यांनी मात्र तेच माप पाळावे.

पाण्याचा आणखी एक उपयोग फार थोड्यांना ठाऊक आहे. दोन मोठे पेले, म्हणजे अर्ध्या लिटरच्या आसपास साधे पाणी तीन-चार मिनिटांत प्यायले, तर ज्यांच्या नसा अशक्त झाल्या आहेत अशा कित्येकांचा रक्तदाब दहा-पंधरा मिनिटांत चढू लागतो आणि तासभर तरी टिकतो. ज्यांना सकाळचा पहिला तास जड जातो, त्यांनी रात्रीच उशाशी बाटली भरून ठेवावी आणि खाटेवर बसूनच प्यावी. पण पाणी मोजून पिणाऱ्यांसाठी हा प्रयोग नाही, हे पुन्हा सांगते.

आता मिठाबद्दल. लिंबूसरबतात मीठ, ताकात मीठ, कोकमाच्या सरबतात मीठ आणि जिरे, ही आपली कोकणातली जुनी रीत. अलिबाग-पेणच्या बाजूला उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात आधी हेच द्यायचे, आणि त्यात शहाणपण होते. मीठ अंगात पाणी धरून ठेवते. पण त्या काळी शेतात राबणारा, चाळिशीतला माणूस ते पीत होता. आज आपल्यापैकी बहुतेकांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. बसलेले असताना दाब जास्त आणि उभे राहिल्यावर कमी, अशी दुहेरी पंचाईत असते. तिथे मिठाने एक बाजू सावरायला गेलो तर दुसरी बिघडते, पायांना सूज येते, धाप लागते. म्हणून माझे म्हणणे असे: उलट्या-जुलाब झाले, फार घाम गेला, तर मीठ-साखरेचे पाणी घ्या. रोज मुद्दाम मीठ वाढवायचे असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. लोणच्याची बरणी आणि झैतुनांचा डबा औषध म्हणून उघडू नका. एरवी कोकमाचे सरबत चिमूटभर मिठाने घेतले तर बहुतेकांना चालते. ताकही चांगले, पण मटणाच्या जेवणावर ते आपल्याला चालत नाही. तिथे नारळाच्या रसाची सोलकढी आहेच. चवीलाही ताकापेक्षा वरचढ, असे माझे मत.

शहाळ्याचे पाणी आणि केळे यांबद्दल बरेच विचारतात. दोन्हींत पोटॅशियम भरपूर. किडनी कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर रक्तात पोटॅशियम साठून हृदयाच्या ठोक्यांना धोका होतो. एखादे केळे खाल्ले म्हणून बिघडत नाही, पण चक्करेवर औषध म्हणून रोज शहाळ्यांचा मारा करू नये.

सर्वांत जपायचे आहे ते ज्येष्ठमधाला. ते खरोखर रक्तदाब चढवते, म्हणून घरगुती उपायांत त्याचे नाव येते, आणि खोकल्यासाठी लहानपणापासून चघळलेले असल्यामुळे आपल्याला ते निरुपद्रवी वाटते. पण रोज घेतले तर ते अंगात मीठ अडवते आणि पोटॅशियम घालवते. त्यात फ्युसिडसारखी लघवीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम इतके उतरू शकते, की हृदयाचे ठोके चुकतात आणि हातापायांत गोळे येतात. अरबी बाजारात मिळणारे काळे 'सूस' सरबतही ज्येष्ठमधाचेच. एखाद्या वेळी पेलाभर प्यायलात तर काही नाही. औषध म्हणून रोज नको. जिन्को नावाच्या गोळ्या 'डोक्यातला रक्तपुरवठा वाढतो' म्हणून विकल्या जातात. कुमादिन किंवा रक्त पातळ करणारे दुसरे औषध चालू असेल तर त्यांनी रक्तस्राव व्हायची भीती असते. लसणीच्या गोळ्यांनी दाब थोडा उतरतोच, म्हणजे आपल्याला नको ते होते. आल्याने मळमळ कमी होते, दाब चढत नाही. तुळशीचा काढा, नानाचा चहा खुशाल प्या, पण त्यांतल्या पाण्याचाच काय तो उपयोग. कांदा फोडून हुंगवण्याने माणूस दचकून डोळे उघडतो. तो आधीच आडवा झालेला असल्यामुळे एरवीही उघडणारच असतो.

भिजवलेल्या मनुकांचा प्रश्न राहिला. आपल्याकडे किद्दुशसाठी मनुकांचे सरबत करतात, त्यामुळे मनुका घरात असतातच. रक्तवाढीसाठी मनुका खाव्यात असे सांगतात. त्यांत लोह आहे, पण रक्त खरेच कमी असेल तर मूठभर मनुकांनी ते भरून येणार नाही, आणि मधुमेह असेल तर साखर मात्र नक्की वाढेल. म्हातारपणी रक्त कमी झाले तर ते कुठून जाते आहे, हे शोधावे लागते.

जेवणाबद्दल थोडे. पोटभर जेवल्यावर रक्त आतड्यांकडे धावते आणि काही वृद्धांचा दाब जेवणानंतर तास-दोन तासांत चांगलाच उतरतो. शब्बातच्या दुपारी नारळाच्या रसातला भात, मटण, वर काहीतरी गोड, मग डुलकी, आणि डुलकीतून नातवंडाने हाक मारली म्हणून झटकन उठणे: पडण्यासाठी याहून सोयीची वेळ नाही. थोडे थोडे, चार-पाच वेळा खा. भात आणि गोड एका बैठकीला कमी करा. जेवणाबरोबर पाणी प्या. जेवणाच्या जोडीने अर्धा-एक कप कॉफी काहींना उपयोगी पडते, पण सकाळ-दुपारीच. रात्री घेतली तर झोपही जाते आणि लघवीलाही उठावे लागते. दारूने रक्तवाहिन्या सैल होतात, हे वेगळे सांगायला नको.

उकाड्यानेही त्या सैल होतात. दूद शेमेशचे पाणी उन्हाळ्यात किती कढत येते ते तुम्ही जाणताच. कोमट पाण्याने, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून आंघोळ करा. पूर्वी आपण पाटावर बसून तांब्याने अंगावर पाणी घेत होतो, ते या दृष्टीने फार चांगले होते. स्टूल रबरी पायांचे हवे आणि भिंतीला धरायला दांडा हवा. वाकून स्पोंजा मारणे सोडा. वाकलेले डोके वर घेताना अंधारी येते आणि खाली ओली बलाटोत असते. पुरुषांनी रात्री लघवी बसूनच करावी. हे सांगितले की बरेच काका हसतात, पण रात्री झोपेतून उठून, उभ्याने लघवी करताना बेशुद्ध पडलेले पुरुष मी पाहिले आहेत.

ज्यांना रोजचाच त्रास आहे त्यांना डॉक्टर घट्ट इलॅस्टिक मोजे सांगतात. ते गुडघ्यापर्यंतचे असतील तर फारसा फरक पडत नाही, मांडीपर्यंत किंवा कमरेपर्यंत हवेत, आणि सकाळी उठण्याआधी घालावे लागतात. म्हाताऱ्या बोटांना ते जमत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यापेक्षा पोटाचा रुंद पट्टा सोपा आणि पुष्कळांना जास्त लागू पडतो, कारण बरेचसे रक्त पोटातच साठते. आपल्या आज्या पदर कमरेला घट्ट खोचून कामाला उठत. त्यामुळे त्यांना चक्कर येत नव्हती असा दावा मी करणार नाही, पण पट्ट्याचे तत्त्व तेच. मोजे आणि पट्टा दोन्ही रात्री काढून ठेवायचे. पायांच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या असतील तर मोजे विचारल्याशिवाय घालू नयेत.

आता गोळ्यांकडे येते, कारण घरगुती उपाय करून थकलेल्या पुष्कळांचे मूळ तिथेच सापडते. दक्षिणेतल्या एका गावातले एक काका दरफाळणीच्या सणाला नेइलाच्या वेळी सिनेगॉगमध्ये कोसळले. हेखाल उघडे, सगळे उभे, आणि हे बाकांच्या मधे पडले. कपाळाला टाके पडले. घरच्यांनी म्हटले, रोजाने झाले. एका मावशीने म्हटले, नजर लागली. रोजाचा भाग होताच. पण त्याआधी महिनाभर त्यांना प्रोस्टेटसाठी नवीन गोळी सुरू झाली होती. ती रक्तवाहिन्याही सैल करते. रक्तदाबाच्या दोन गोळ्या आधीपासून होत्या, त्यांतली एक लघवीची. दोन डॉक्टर वेगळे, आणि काकांनी एकाचे दुसऱ्याला सांगितले नव्हते. पुढे प्रोस्टेटची गोळी रात्री झोपताना आणि लघवीच्या गोळीचे प्रमाण कमी, एवढा बदल डॉक्टरांनी केला आणि काका पुन्हा उभे राहून प्रार्थना करू लागले.

तेव्हा रक्तदाब, लघवी, प्रोस्टेट, छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची गोळी, पार्किन्सन, नैराश्य, झोप, आणि पुरुषांच्या त्या निळ्या गोळीसकट, घरात जे काही आहे ते सगळे एका पिशवीत घालून डॉक्टरकडे न्या. औषधांच्या दुकानातून स्वतः आणलेले आणि मुंबईहून कोणी आणून दिलेले चूर्णही त्या पिशवीत टाका. लाज वाटून काही घरी ठेवू नका. आणि चक्कर येते म्हणून आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका. एकदम बंद केलेल्या काही गोळ्यांनी दाब उसळतो आणि पक्षाघात होऊ शकतो. गोळी कमी करायची ती डॉक्टरने.

रोजाबद्दल इथेच लिहिते, कारण सणाआधी हा प्रश्न दर वर्षी येतो. दरफाळणीचा रोजा पंचवीस तासांचा, आणि बिरड्याचा रोजा ऐन उन्हाळ्यात. ज्यांना उभे राहिल्यावर अंधारी येते त्यांनी सणाच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरला आणि रावला, दोघांनाही विचारावे. जीव वाचवणे हे रोजापेक्षा वरचे आहे, ही आपल्या धर्माचीच शिकवण आहे. आजाऱ्यासाठी थोडे थोडे पाणी ठरावीक अंतराने घेण्याची पद्धत आहे; तिचे माप राव सांगतील. गोळ्यांच्या वेळा त्या दिवसापुरत्या बदलाव्या लागतात, त्या डॉक्टर सांगतील. आणि अशक्त माणसाने अमिदा बसून म्हटली तर ती कमी होत नाही. बाकाच्या कडेची जागा धरा, म्हणजे हाताला आधार राहतो.

अझाका वाजल्यावर काय करायचे, हेही विचारले जाते. कुठे 30 सेकंद मिळतात, कुठे दीड मिनिट. त्या घाईत अंधारात उठून पडलेल्यांची संख्या लहान नसते. उशाशी दिवा, खाटेजवळ बंद टाचेच्या चपला, ममादपर्यंतच्या वाटेवर गालिचा किंवा तारा नाहीत, ममादमध्ये एक खुर्ची, ही तयारी आधीच करून ठेवा. ज्यांना शक्य आहे त्यांनी ममादमध्येच झोपावे. उठताना कडेला बसून पावले पाच-सहा वेळा जोराने चालवा, मुठी आवळा, आणि आधार धरून चला. त्या पाच सेकंदांनी तुमचा वेळ वाया जात नाही. मेतापेलेत असेल तर तिला हे आधी शिकवून ठेवा, म्हणजे ती हात धरून ओढणार नाही.

घरी यंत्र असेल तर एक साधी परीक्षा करता येते. पाच मिनिटे आडवे पडा आणि पडल्यापडल्या दाब मोजा. मग उभे राहा, एका मिनिटाने मोजा, तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. शेजारी कोणीतरी असू द्या. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा खालचा 10 किंवा जास्त उतरला, तर ती नोंद घेऊन डॉक्टरकडे जा. नाडीचा आकडाही लिहा. सकाळी गोळ्या घेण्याआधी, गोळ्यांनंतर दोन तासांनी आणि दुपारच्या जेवणानंतर, असे तीन-चार दिवस केलेत तर डॉक्टरला फार उपयोग होतो. परीक्षा करताना अंधारी आली तर लगेच बसा; आकडा राहिला तरी चालेल.

काही वेळा मात्र घरी थांबायचे नाही. छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, बोलताना जीभ अडखळणे, एका बाजूचा हात किंवा पाय गळणे, ठोके फार जलद किंवा वेडेवाकडे होणे, शुद्ध हरपणे, डांबरासारखी काळी शी होणे, किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असताना पडून डोक्याला मार लागणे. यांपैकी काहीही झाले तर 101 ला फोन करावा. शेवटच्या बाबतीत "आता बरे वाटते" म्हणून गप्प बसू नका, कारण डोक्याच्या आतला रक्तस्राव काही तासांनी दिसू शकतो.

बाकीच्यांनी आपल्या रोफे मिश्पाखाची वेळ घ्यावी. हिब्रूत सांगायला अडचण होते म्हणून पुष्कळजण नातवाला बरोबर नेतात आणि नातू 'सखरखोरेत' एवढेच सांगतो. त्याऐवजी स्त्रियांनी म्हणावे, "कशेआनी कामा, निहया ली शाखोर बाएनाइम." पुरुषांनी 'कामा'च्या जागी 'काम' म्हणावे. म्हणजे, मी उठते किंवा उठतो तेव्हा डोळ्यांपुढे काळे होते. आपली अंधारी यातच येते. आणि आखोतला सांगावे, लाखात्स दाम दोनदा मोजा, 'बिशखिवा' आणि 'बा-अमिदा', पडून आणि उभ्याने. हा दुसरा शब्द तुमच्या तोंडात आहेच. अमिदा म्हणजे उभे राहणे.